ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर किती झिजतो, आणि ती झीज परवडते का?

गेल्या मे महिन्यात गोव्यात साखळी गावाला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याने त्याचा गेमिंग संगणक मला मुद्दाम दाखवला. त्यातला रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर त्याने वर्षभर पैसे साठवून घेतला होता, आणि एका मित्राच्या सांगण्यावरून बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगांमध्ये, जाऊन त्याचे सहाही कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ४.७ गिगाहर्ट्झवर कायमचे बांधून व्होल्टेज १.३५ वर ठेवले होते. दुपारचे तीन वाजले होते, खोलीत फक्त छताचा पंखा होता आणि टेबलावरचा तापमापक ३४ अंश दाखवत होता. गेम सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यातला प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा ऐंशीच्या पुढे सरकला होता आणि कॅबिनेटवर हात ठेवला तर तो चांगलाच गरम लागत होता. भाच्याने विचारले, "मामा, असंच चालू ठेवलं तर प्रोसेसर लवकर जाईल का?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला योग्य वाटले नाही, कारण या विषयावर "काही होत नाही" असे सांगणारे आणि "जळून जाईल" असे घाबरवणारे दोघेही अर्धवट सांगतात.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरमधील सगळी कामे एका ठोक्याच्या तालावर चालतात, ४.७ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४७० कोटी ठोके. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा हा ठोका जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ठोका जलद झाला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला, म्हणजे प्रोसेसरमधील अतिसूक्ष्म स्विचला, आपले काम उरकायला मिळणारा वेळ कमी होतो, आणि तेवढ्या वेळात ते काम पुरे व्हावे म्हणून त्याला अधिक व्होल्टेज द्यावे लागते. सारी गोम या व्होल्टेजमध्ये आहे. प्रोसेसर खात असलेली वीज, आणि म्हणून त्यातून निघणारी उष्णता, वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेले, तर ते साडेबारा टक्क्यांनीच वाढते, पण उष्णता त्या एकाच बदलामुळे २६ टक्क्यांहून अधिक वाढते. वेगातली वाढ आणि ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती त्यावर आणखी भर घालतात.

एवढे सोसून हाती काय येते, हे भाच्याच्याच प्रोसेसरवरून पाहता येईल. ५६००एक्स हा कारखान्यातून येतानाच गरजेप्रमाणे स्वतःहून ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ४.६ वरून ४.७ म्हणजे जेमतेम दोन टक्के. सगळे कोर एकदम राबत असतील तेव्हा मूळ वेग थोडा खाली येतो, म्हणून त्या वेळी फरक काहीसा जास्त पडतो. तरीही सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळत असतील तर त्या फार तर १०२ ते १०५ होतील, आणि त्यासुद्धा खेळाचा वेग प्रोसेसरमुळे अडत असेल तरच. बहुतेक घरांत तो ग्राफिक्स कार्डमुळे अडतो. हे तपासणे सोपे आहे: गेमचे रिझोल्यूशन खाली आणून पाहावे. फ्रेम भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर. भाच्याच्या बाबतीत ग्राफिक्स कार्डच कमी पडत होते, आणि त्याचा मॉनिटर तर ७५ हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रे त्यावर उमटूच शकत नव्हती.

हे नेहमीच असे नव्हते, आणि ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती ज्या काळातून आली तो काळ समजून घ्यायला हवा. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता, पण मदरबोर्डच्या बसचा, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा, वेग ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० वर चालायचा, आणि यातले बरेचसे नग ते विनातक्रार सहन करायचे. दीडपट वेग, तोही फुकट! २०११ च्या जानेवारीत आलेल्या कोअर आय ५-२५००के या प्रोसेसरचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ होता आणि बऱ्यापैकी कूलर लावला की तो ४.५ च्या आसपास आरामात जात असे. उत्पादक तेव्हा मोठी राखीव जागा सोडत होते आणि हौशी माणूस ती वापरून घेत होता. हळूहळू हे काम उत्पादकांनीच हाती घेतले. २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय ७ पासून टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप वेग वाढवण्याची सोय, सुरू झाले. आजचे प्रोसेसर तर दर क्षणी तापमान, विजेचा प्रवाह आणि कामाचा भार मोजून जितके पळता येईल तितके आपणहून पळतात. थोडक्यात, बाजारातून आणलेला नवा प्रोसेसर जवळजवळ ओव्हरक्लॉक होऊनच घरी येतो, आणि आपल्यासाठी शिल्लक उरते ते अगदी थोडे.

आता झिजेकडे वळू. प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नाही, मग झिजते काय, असे अनेकांना वाटते. गोव्यातल्या वाचकाला हे समजावताना मला खाजन शेतीचा आधार घ्यावासा वाटतो. खाजनात खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो, आणि पाणी हवे तेव्हा आत घ्यायला व बाहेर सोडायला लाकडी दारांची मानस असते. प्रोसेसरमध्येही तारा म्हणजे पाण्याच्या वाटा आणि ट्रान्झिस्टर म्हणजे मानशी आहेत. फरक इतकाच की ५६००एक्सच्या नखाएवढ्या चकतीवर अशा मानशींची संख्या चार अब्जांहून अधिक आहे आणि त्या सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडमीट करू शकतात.

पहिली झीज वाटांची. तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेतून इलेक्ट्रॉन दाटीवाटीने धावतात, तेव्हा त्यांच्या सततच्या रेट्याने धातूचे अणू जागचे हलतात आणि प्रवाहाच्या दिशेने सरकत जातात. ओहोटीच्या वेळी जोराच्या धारेने बांधाची माती कणाकणाने खरवडली जावी आणि ती पुढे कुठे तरी साचावी, तसे तारेत एके ठिकाणी पोकळी पडते आणि दुसरीकडे उंचवटा येतो. पोकळी वाढत गेली की तारेचा विरोध वाढतो आणि शेवटी तार तुटते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६९ साली मांडलेल्या समीकरणानुसार तारेचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते: तारेतील प्रवाहाची दाटी आणि तापमान. ढोबळमानाने, दाटी दुप्पट झाली तर आयुष्य चौथाईवर येते. आणि तापमानाचा परिणाम तर घातांकी आहे, म्हणजे वाढणारा प्रत्येक अंश आधीच्यापेक्षा अधिक महाग पडत जातो. भिजून मऊ झालेला बांध त्याच धारेने लवकर खचतो, तसेच हे.

दुसरी झीज मानशींची, आणि रोजच्या वापरात तीच आधी जाणवते. ट्रान्झिस्टरचे दार आणि त्याखालची वाट यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो, तो काही मोजक्या अणूंच्या जाडीचा. त्यावर वर्षानुवर्षे व्होल्टेजचा ताण पडत राहिला, आणि सोबत उष्णता असली, की त्या थरात व त्याच्या कडेला विद्युतभार अडकून बसतात. त्यामुळे दार उघडायला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि ट्रान्झिस्टर संथ होतो. फुगलेल्या लाकडी दारासारखे. ते उघडते, पण जोर लावावा लागतो. ताण फारच वाढला तर तो थर एखाद्या जागी कायमचा फुटतो आणि तिथले दार मिटतच नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर साधारणपणे एके दिवशी अचानक मरत नाही; तो आधी अविश्वासार्ह होतो. दोन वर्षे ४.७ वर विनातक्रार चालणारा संगणक तिसऱ्या वर्षी त्याच वेगावर, त्याच व्होल्टेजवर कधी तरी बंद पडू लागतो. गेम मध्येच बाहेर फेकतो, निळी स्क्रीन येते, मोठी फाईल उलगडताना चूक दाखवली जाते. माणूस विंडोज पुन्हा टाकतो, रॅम बदलतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो. आणि खरे कारण एवढेच असते की प्रोसेसरला त्या वेगासाठी आता आधीपेक्षा जास्त व्होल्टेज हवे आहे. ते वाढवून दिले तर तो पुन्हा चालतो, पण झीजही वाढते. उत्पादक जो वेग ठरवून देतो, त्यात या म्हातारपणाची तरतूद आधीच केलेली असते: वर्षांनंतर ट्रान्झिस्टर संथ झाले तरी तो वेग निभावला जाईल इतकी शिल्लक ठेवलेली असते. ओव्हरक्लॉक करताना आपण खर्च करतो ती हीच शिल्लक. बिघाडाचा सर्वांत वाईट प्रकार तर कुठलीच सूचना न देणारा असतो. चुकलेला एखादा हिशेब तसाच हार्ड डिस्कवर लिहिला जातो आणि महिन्याभराने कॉलेजच्या प्रकल्पाची फाईल उघडत नाही.

व्होल्टेज किती निर्णायक असते, याची मोठी साक्ष गेल्या काही वर्षांत मिळाली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसर अनेकांकडे अस्थिर होऊ लागले, आणि त्यात ओव्हरक्लॉकिंगला हातही न लावलेले लोक होते. २०२४ मध्ये इंटेलने खुलासा केला, तो असा की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि जादा व्होल्टेज व तापमान यांमुळे कोरमधील ठोका पोचवणारे सर्किट अकाली म्हातारे होत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या अपडेटने) ही मागणी १.५५ व्होल्टच्या आत ठेवली, आणि कंपनीने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झालेली झीज कोणत्याही अपडेटने भरून निघत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, रायझन ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रे जगभर फिरली. एएमडीने त्यानंतर सिस्टिम-ऑन-चिप भागाच्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. या दोन्ही घटनांत घात केला तो व्होल्टेजने, ठोक्याच्या वेगाने नव्हे. व्होल्टेज न वाढवता १०० मेगाहर्ट्झ मिळत असतील तर झीज नगण्य असते. ५० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज ०.१ ने वाढवावे लागत असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे, हे मी बिनदिक्कत सांगेन.

आता आपल्या हवेचा विचार करू, कारण परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना तो हमखास राहून जातो. त्या चाचण्या बहुधा २१ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. कूलर, मग तो हवेचा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक फक्त कमी करतो. म्हणून खोली दहा अंशांनी जास्त गरम असेल, तर प्रोसेसरही जवळपास तितक्याच अंशांनी जास्त तापतो. तिकडे ७२ अंशांवर स्थिरावलेला वेग आणि व्होल्टेज आपल्याकडे मे महिन्यात एसीविना ८२ वर जाते, आणि वर सांगितलेल्या घातांकी नियमामुळे हे दहा अंश झिजेच्या हिशेबात फार मोठे ठरतात. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे भागही हीच झळ सोसतात. त्यांतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांबाबत तर तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते, असा ठोकताळाच आहे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. दमट हवेमुळे प्रोसेसरमध्ये ओल धरते, अशी भीती काही जण घालतात, पण साध्या कूलरने त्यावर दव धरूच शकत नाही, कारण तो नेहमी खोलीपेक्षा गरम असतो. द्रव नायट्रोजन ओतून ८ गिगाहर्ट्झच्या वर नेणाऱ्या स्पर्धकांना उणे १९६ अंशांच्या थंडीमुळे ती काळजी करावी लागते, आपल्याला नाही. आपल्याकडे त्रास होतो तो धुळीचा. जूनपासून दमट झालेली धूळ कूलरच्या पात्यांमध्ये लोकरीसारखी चिकटून बसते आणि हवेची वाट अडवते. भाच्याचा कूलर उघडला तेव्हा पंख्याच्या मागे राखाडी रंगाचा एक सलग थर निघाला, बोटाने उचलला तर रुमालासारखा अख्खा सुटून आला. तो काढून, थर्मल पेस्ट नवी लावून पुन्हा तोच गेम चालवला, तर बाकी काहीही न बदलता तापमान सात अंशांनी उतरले. कळंगुट, हरमल किंवा बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा धातूचे सांधेही खाते, तिथे ही साफसफाई वर्षातून दोनदा तरी व्हावी.

विजेबद्दलही एक व्यावहारिक गोष्ट आहे. पहिल्या पावसाच्या वाऱ्यात वीज गेली की संगणक यूपीएसवर येतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार उचलतो. ओव्हरक्लॉकमुळे प्रोसेसरची भूक पन्नास वॅटने वाढली आणि ग्राफिक्स कार्डही जोरात असले, तर नेमक्या गरजेच्या क्षणी यूपीएस भार टाकून देतो. वीजबिलात मात्र फार फरक पडत नाही. पन्नास वॅट, रोज चार तास, म्हणजे महिन्याला सहा युनिट.

मग कुणी करूच नये का? तसे मी म्हणणार नाही. वॉरंटी संपलेला, गुणक खुला असलेला (म्हणजे वेग बदलायची मुभा असलेला) जुना प्रोसेसर आहे, वर्षा-दीड वर्षात तो बदलायचाच आहे आणि तोवर नवा गेम कसाबसा चालवायचा आहे, तर त्याची उरलेली शिल्लक खर्च करण्यात काहीच गैर नाही. तिथे झीज खरोखर परवडते. ज्याला ही विद्या शिकायची आहे त्यानेही जुन्याच प्रोसेसरवर हात बसवावा. नव्या प्रोसेसरबाबत मात्र हे लक्षात असू द्यावे की ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवल्यामुळे झालेले नुकसान इंटेल व एएमडी या दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही, आणि तीन वर्षांची ती वॉरंटी दोन टक्क्यांपेक्षा नक्कीच मोलाची आहे. रॅमला तिच्या जाहीर केलेल्या वेगावर चालवणारा एक्सएमपी किंवा एक्स्पो हा बायोसमधला पर्याय तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच ठरतो, पण खेळात त्याचा फायदा प्रोसेसरच्या शंभर मेगाहर्ट्झपेक्षा पुष्कळदा जास्त दिसतो. फक्त त्यासोबत मदरबोर्डने आपल्या मनाने इतर व्होल्टेज वाढवले नाहीत ना, हे बायोसमध्ये एकदा पाहून घ्यावे.

आपल्याकडच्या हवेत मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी वाट उलट दिशेची आहे: वेग प्रोसेसरवर सोडायचा आणि व्होल्टेज कमी करायचे. उत्पादकाला एकाच साच्यातील लाखो नगांसाठी एकच हिशेब लावावा लागतो, त्यामुळे त्यातल्या चांगल्या नगांना गरजेपेक्षा थोडे जास्तच व्होल्टेज मिळते. रायझनच्या ५००० मालिकेपासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिच्यात प्रत्येक कोरसाठी हे जादा व्होल्टेज थोडेथोडे कापता येते. व्होल्टेज उतरले की उष्णता वर्गाच्या प्रमाणात उतरते, आणि तापमानात मोकळीक मिळाल्यामुळे प्रोसेसर जास्त वेळ आपल्या वरच्या वेगावर टिकतो. वेग थोडा वाढतो आणि झीज कमी होते. या विषयात दोन्ही गोष्टी एकदम मिळण्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. धोका एकच, जास्त कापले तर संगणक अस्थिर होतो, पण त्याने प्रोसेसरला इजा होत नाही आणि आकडा मागे घेतला की सगळे पूर्ववत होते.

भाच्याने त्याच संध्याकाळी ४.७ ची गाठ सोडली, ७६ वॅटची मूळ मर्यादा परत लावली आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळे कोर उणे २० वर ठेवले. गेममध्ये सगळे ठीक होते, पण आठवड्याभरात त्याचा फोन आला की गेम बंद असताना, नुसता ब्राउझर उघडा असताना संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. या सेटिंगची कसोटी जड कामात लागत नाही, एकच कोर हलक्या कामासाठी क्षणभर सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो तेव्हा लागते, म्हणून गेम सुरळीत चालला याचा भरवसा धरता येत नाही. चवथीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून एकेक कोर वेगवेगळा तपासला. दोन कोर उणे २० सोसत नव्हते. ते उणे १२ वर आणले आणि उरलेले चार तसेच ठेवले. त्यानंतर तो आपोआप बंद पडलेला नाही, आणि मे महिन्यात ऐंशीच्या पुढे गेलेला तोच गेम त्या दुपारी, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) माणसांनी भरलेल्या घरात, ६६ अंशांवर चालत होता.